यात ग्रह कुठं हायती?

माझ्या कपाटातल्या दागिन्यांच्या डब्यात एक पोस्टकार्ड आहे. दागिने लेकीकडे गेले. आता डब्यात आईची नथ, एक बंद पडलेलं घड्याळ आणि हे कार्ड एवढंच उरलंय. पंधरा पैशांचं, पिवळट, शाई जांभळी पडलेली. मजकूर एका ओळीचा: "महोदय, आपल्या अंकातील चित्रात ग्रह जन्मत नसून तारा मरत आहे. कळावे." खाली सही आणि हुद्दा, शिक्षक.

'महोदय' म्हणजे मी. म्हणजे खरं तर संपादक, पण चूक माझी होती.

साल 1986. हॅलेचा धूमकेतू येऊन गेला होता आणि ज्याला त्याला आकाशाचं वेड लागलं होतं. मी एका मासिकात प्रुफं तपासायचे. त्यांनी आकाशावर विशेष पुरवणी काढायची ठरवली. छपाईचे खिळे जुळून झाले, चित्रांचे ब्लॉक, म्हणजे ठसे, आले, आणि शेवटच्या दिवशी लक्षात आलं की एका चित्राखालची ओळच आलेली नाही. चित्र होतं एका धुरकट कड्याचं. लेखक गावाला गेलेले, संपादक तापाने फणफणलेले, मशीन थांबलेलं. ब्लॉकच्या मागे इंग्रजीत पेन्सिलीने नाव लिहिलं होतं: रिंग नेब्युला, प्लॅनेटरी. नेब्युला म्हणजे तेजोमेघ हे मला ठाऊक होतं. प्लॅनेटरी म्हणजे ग्रहांचा. झालं. मी ऐटीत लिहून दिलं: "या तेजोमेघात नवे ग्रह जन्म घेत आहेत."

दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेणाऱ्या बाईने केलेली चूक म्हणून ती मला जास्त लागली. पण एरवी मी ती विसरूनही गेले असते. छापलेल्या चुका माणूस विसरतो, नाहीतर या धंद्यात राहता येत नाही. त्या कार्डातल्या शब्दांच्या मांडणीने मात्र मला सोडलं नाही. 'ग्रह जन्मत नसून तारा मरत आहे.' मी जन्म लिहिला होता आणि तिथे मरण होतं. चित्र तेच. एवढी उलटी चूक कशी काय होऊ शकते?

याचं उत्तर शोधत मी बरंच वाचलं. पहिला दिलासा असा मिळाला, की ही चूक माझ्या आधी विल्यम हर्शेल या थोर खगोलशास्त्रज्ञाने केली होती.

हर्शेलने 1781 च्या मार्चमध्ये युरेनस शोधला. दुर्बिणीतून युरेनस दिसतो तो हिरवट रंगाची एक छोटी, फिकी टिकली. दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर 1782 मध्ये, कुंभ राशीत त्याला तशीच एक हिरवट टिकली सापडली. ती मात्र ग्रहासारखी सरकेना. अशा आणखी सापडत गेल्या. तारा म्हणावा तर बिंदू नाही, नेहमीचा तेजोमेघ म्हणावा तर कडा फार रेखीव. नुकताच ग्रह शोधलेल्या माणसाच्या डोळ्यांत ग्रहाचंच बिंब बसलेलं असणार. त्याने नाव ठेवलं प्लॅनेटरी नेब्युला, ग्रहासारखे दिसणारे तेजोमेघ. 'सारखे दिसणारे' हा भाग नावातून गळला आणि 'ग्रह' तेवढा उरला. त्याच्या आधी फ्रान्समधल्या तुलूझच्या दार्क्ये या खगोलशास्त्रज्ञाने 1779 मध्ये माझं ते कडं पाहिलं होतं, तेव्हा त्यालाही ते गुरूएवढं, विझत चाललेल्या ग्रहासारखं वाटलं होतं. म्हणजे ग्रह हा शब्द तेव्हापासून त्या कड्याला चिकटलेला.

मराठी परिभाषेत यासाठी एक शब्द आहे, बिंबाभ्रिका. अभ्रिका म्हणजे तेजोमेघ आणि बिंब म्हणजे बिंब. ज्याने कुणी हा शब्द घडवला त्याला मनापासून नमस्कार. ग्रह काढून टाकला आणि हर्शेलला जे प्रत्यक्ष दिसलं होतं ते बिंब तेवढं ठेवलं. याला म्हणतात संपादन. पण हा शब्द वापरतो कोण? मराठी लेखांत 'ग्रहीय तेजोमेघ' येतो, बोलताना 'प्लॅनेटरी नेब्युला' येतो, आणि दर वेळी कुणी तरी विचारतं, यात ग्रह कुठे आहेत?

हर्शेलकडे परत येते, कारण नाव ही त्याची लहान चूक. मोठी पुढेच आहे. 13 नोव्हेंबर 1790 च्या रात्री त्याला एक तारा दिसला, ज्याच्या भोवती गोल, फिकट प्रकाशाचं वातावरण होतं आणि तारा बरोबर मधोमध. तोपर्यंत त्याला वाटायचं की सगळे तेजोमेघ म्हणजे दूरवरचे ताऱ्यांचे पुंजके, दुर्बीण मोठी केली की सुटे सुटे दिसतील. या एका ताऱ्याने ते मत मोडलं. इथे काही तरी 'चमकणारं द्रव्य' आहे आणि ते ताऱ्याचंच आहे, हे त्याने मान्य केलं. स्वतःचं मत असं मोडून लिहायला हिंमत लागते. पण मग त्याने त्या द्रव्याची दिशा ठरवली: ते आत येत आहे, गोळा होत आहे, त्यातून तारा घडत आहे.

जन्म! हर्शेलनेही जन्मच लिहिला होता. त्याच्याजवळ बसून त्याची निरीक्षणं टिपून घेणाऱ्या बहिणीची, कॅरोलिनची, मला उगाच काळजी वाटते. लिहून घेणाऱ्या बाईला शंका आली तरी समासात खूण करता येत नसते.

यात त्याचा दोष तरी किती? एका स्थिर चित्रात मधे तारा आणि भोवती वायू एवढंच दिसतं. वायू आत येतोय की बाहेर जातोय हे चित्र सांगत नाही. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो दाखवला तर तो आलाय की निघालाय, हे कसं सांगणार? दिशा कळायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. वायू बाहेर पसरतोय हे आधी मोजलं गेलं, आणि 1956 मध्ये श्क्लोव्स्की या सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञाने साखळी जोडली: आधी तांबडा राक्षसी तारा, मग ही बिंबाभ्रिका, मग श्वेत खुजा तारा, म्हणजे मागे उरलेला छोटा गाभा. ते शिक्षक हे कुठून शिकले होते कोण जाणे. पण माझी ओळ छापून येण्याच्या तीसच वर्षं आधी ही दिशा पक्की झाली होती, हा माझा दुसरा दिलासा.

मग तिथे होतं तरी काय?

तारा आयुष्यभर पोटातल्या हायड्रोजनचा हेलियम करत असतो. सूर्याची अशी सुमारे साडेचार अब्ज वर्षं झाली, अजून पाच अब्ज आहेत. मग गाभ्यातला हायड्रोजन संपतो, गाभा आक्रसतो आणि बाहेरचं अंग फुगतं. हा तांबडा राक्षसी तारा. पुढे गाभ्याचं तापमान दहा कोटी अंशांवर गेलं की हेलियमही पेटतो आणि त्याचा कार्बन आणि ऑक्सिजन होतो. इथवरचं शाळेच्या पुस्तकातही सापडतं. सूर्यासारख्या ताऱ्याची मजल इथेच संपते. कार्बन पेटवण्याएवढं वजन त्याच्याकडे नसतं. गाभा म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा निखारा, आणि त्याच्या भोवती हेलियमचा एक आणि हायड्रोजनचा एक, असे दोन पातळ जळते थर.

मला खरी गोडी आहे ती यानंतरच्या भागाची. हे दोन थर एकमेकांशी नीट जुळवून घेत नाहीत. हेलियमच्या थरात राख साचते, अचानक भडका उडतो, मग शांत होतो, हजारो वर्षांनी पुन्हा भडका. दूध उतू जातं, आच कमी करावी, की थोड्या वेळाने पुन्हा वर येतं, तसं. प्रत्येक वेळी खोल भागातला माल ढवळून वर येतो. 1952 मध्ये पॉल मेरिल यांना अशा काही ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम सापडलं. या मूलद्रव्याचं एकही स्थिर रूप नाही, सगळ्यात टिकाऊ रूपही काही दशलक्ष वर्षांत निम्मं होतं. तारा त्याहून कितीतरी म्हातारा. म्हणजे ते जन्मजात असणं शक्य नव्हतं, तिथेच, अलीकडे शिजलेलं होतं. मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात तयार होतात याचा याहून रोखठोक पुरावा मला माहीत नाही.

आणि मग काजळी. फुगलेल्या ताऱ्याचा बाहेरचा पदर गाभ्यापासून इतका दूर असतो की गुरुत्वाकर्षणाचा हात तिथे सैल पडतो, आणि तो इतका थंड असतो की त्यात कण धरू लागतात. कार्बन जास्त असेल तर अक्षरशः काजळी. आजीच्या कंदिलाची काच काळी व्हायची तीच. ताऱ्याचा प्रकाश या कणांवर आदळतो, त्यांना बाहेर ढकलतो, आणि कण जाताना वायूलाही ओढून नेतात. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात रमतगमत. स्फोट नाही, धमाका नाही. 'मरणारा तारा' म्हटलं की लोकांना स्फोट आठवतो, पण तो वजनदार ताऱ्यांचा मामला. बहुतेक तारे असे काजळी धरत, प्रकाशाच्या रेट्याने आपलं अंग उतरवत जातात. सूर्य आपलं जवळजवळ निम्मं वजन असं सोडणार आहे.

शेवटी गाभा उघडा पडतो. हा गाभा पृथ्वीएवढाच, पण आधी तीस हजार अंश, मग वाढत वाढत लाखावर. त्यातून निघणारं वारं सेकंदाला हजार किलोमीटरच्याही वर. हे नवं जोराचं वारं आधी निघून गेलेल्या संथ वाऱ्याला मागून गाठतं. केरसुणीने अंगणातला पाला रेटत नेला की पुढे एक कड जमते, तशी वायूची कड जमते. खगोलशास्त्रज्ञ सन क्वॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये ही दोन वाऱ्यांची गोष्ट मांडली. त्या गाभ्याचा अतिनील प्रकाश या वायूतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो आणि वायू उजळतो. ते उजळणं म्हणजे बिंबाभ्रिका. दहा-वीस हजार वर्षं टिकते आणि विरून जाते. अब्जावधी वर्षांच्या आयुष्यापुढे हे किती? सत्तर वर्षं जगलेल्या माणसाच्या शेवटच्या तासाभराएवढं.

आता ही गोष्ट पुण्याला येणार आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

29 ऑगस्ट 1864 ला लंडनमध्ये विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एका बिंबाभ्रिकेवर दुर्बीण लावली आणि तिचा प्रकाश वर्णपटमापकातून, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करणाऱ्या यंत्रातून, पाहिला. ताऱ्यासारखा सलग रंगपट्टा दिसेल अशी अपेक्षा. दिसली एक एकटी हिरवी रेघ. आधी त्याला वाटलं आपलंच यंत्र बिघडलं. मग ध्यानात आलं की हे तारेच नाहीत, हा चमकता वायू आहे. पण कसला वायू? ती हिरवी रेघ पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना.

या रेघेवरून पुढे भांडण लागलं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरचं म्हणणं, ही रेघ मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याचा उरलेला तुकडा आहे आणि तेजोमेघ म्हणजे उल्कांची टकराटकर. तसं असेल तर रेघ एका बाजूला पुसट व्हायला हवी. ती पुसट आहे की धारदार, हे ज्यांनी तपासलं त्यांत एक होते कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, ते शिकवायचे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून तिथे वेधशाळा उभी राहिली होती, वीस इंची आरशाची दुर्बीण होती. नायगमवालांनी मृगातल्या मोठ्या अभ्रिकेत ती रेघ पाहिली आणि 1891 मध्ये छापलं: रेघ धारदार आहे. लॉकियर चुकले होते.

शिवाजीनगरहून संगम पुलाकडे जाताना त्या कॉलेजवरून मी आयुष्यभर बसने गेलेय. इथे कुणी तरी एका रेघेची कड तपासत रात्री काढल्या, हे मला साठीनंतर कळलं. रेघेची कड! म्हणजे प्रुफंच की. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याने फारशी खंत केल्याचं कुठे वाचनात आलं नाही.

एक गंमत इथे नोंदवून ठेवते. मृगातली ती अभ्रिका ही बिंबाभ्रिका नव्हे. तिथे खरोखरच तारे जन्मत आहेत. आणि हिरवी रेघ दोन्हीकडे तीच. माझी 1986 ची ओळ त्या चित्राखाली छापली असती तर पोस्टकार्ड आलं नसतं.

22 जानेवारी 1898 ला खग्रास सूर्यग्रहण झालं. सावलीचा पट्टा कोकणातून देशावर येत गेला. लॉकियर विजयदुर्गला होते. नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी छावण्या टाकल्या होत्या जेऊरला. जेऊर! पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं, करमाळा तालुक्यातलं. माझ्या मामाच्या गावाचं स्टेशन. दर मे महिन्यात आम्ही तिथे उतरायचो, पाण्याचा तांब्या भरून घ्यायचो आणि बैलगाडीची वाट बघायचो. प्लेगच्या त्या वर्षी, त्याच रानात, दोन मिनिटांच्या अंधारासाठी माणसं अमेरिकेहून येऊन बसली होती हे मामाला ठाऊक असतं तर त्याने आम्हाला दिवसातून चार वेळा ऐकवलं असतं.

त्याच 1898 साली मार्गारेट हगिन्सने, विल्यमच्या बायकोने आणि वेधातल्या सोबतिणीने, त्या अनोळखी मूलद्रव्याला नाव दिलं, नेब्युलियम. सूर्यात आधी दिसलेलं हेलियम नुकतंच पृथ्वीवर सापडलं होतं, तसं हेही सापडेल अशी आशा. ते सापडलं नाही, कारण ते नव्हतंच. 1927 मध्ये कॅलिफोर्नियात आयरा बोवेनला रात्री झोपायच्या आधी कपडे बदलता बदलता उत्तर सुचलं: हा आपला ओळखीचा ऑक्सिजन आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. असा अणू एका विशिष्ट अवस्थेत अडकला की हिरवा प्रकाश टाकून सुटायला त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतो. आपल्या हवेत त्याला एवढी सवड कोण देणार? सेकंदाला अब्जावधी धक्के बसतात, कुणी तरी ती ऊर्जा हिसकावून नेतो. बिंबाभ्रिकेत एका घन सेंटीमीटरला जेमतेम काही हजार कण. आपल्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पोकळीहून कितीतरी पोकळ. तिथे अणूला धक्का न लागता थांबता येतं, आणि थांबला की तो हिरवा होतो. नेब्युलियम म्हणजे गर्दी नसलेल्या जागचा प्राणवायू.

मागच्या फाल्गुन अमावस्येला, पाडव्याच्या आदल्या रात्री, मी जेऊरला होते. मामेभावाची केळीची बाग आहे, उजनीच्या पाण्यावर. त्याच्या मुलाने, अमोलने, आठ इंची दुर्बीण घेतलीय, डॉब्सोनियन, तोफेसारखी दिसणारी. "आत्या, पहाटे चारला उठवतो, अभिजित तोवर वर येतो." माझे दोन्ही डोळे मोतीबिंदू काढून झालेत, तेव्हापासून पांढरा रंग मला निळसर दिसतो. म्हटलं बघू, नव्या भिंगांना काय दिसतंय ते.

अभिजितचा तारा ईशान्येला चांगलाच वर होता. त्याच्या खालचा चार ताऱ्यांचा तिरपा चौकोन, आणि त्याच्या खालच्या दोन ताऱ्यांच्या मधोमध माझं कडं. अमोलने दुर्बीण लावली. मी डोळा टेकला. काहीच दिसेना. "सरळ बघू नको, बाजूला बघ," तो म्हणाला. थोडं बाजूला पाहिलं आणि ते आलं. राखाडी, इवलंसं, आरशावर तोंडाची वाफ धरावी तसं. सरळ पाहिलं की मधला भाग निसटतो, तिरकं पाहिलं की पुन्हा दाटतो.

अंधारात आपण डोळ्यांतल्या ज्या पेशींनी पाहतो त्या सगळ्यात तीक्ष्ण असतात पाचशे नॅनोमीटरच्या आसपास. हिरवी रेघ आहे 500.7 वर. म्हणजे अंधारातला माणसाचा डोळा जणू याच रेघेसाठी घडवलाय. आणि त्याच पेशींना रंग कळत नाही. सगळ्यात चांगली दिसणारी हिरवाई आपल्याला राखाडी दिसते. मला हे मजेशीर वाटतं, अमोलला नाही. त्याने लगेच मोबाइल काढून जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीने घेतलेलं कड्याचं चित्र दाखवलं, 2023 मधलं. कड्यात वायूच्या सुमारे वीस हजार गुठळ्या मोजल्यात. बाहेर दहाएक पुसट कंस आहेत, एकामागे एक, साधारण दर 280 वर्षांनी एक उठल्यासारखे. म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याजवळ एक जोडीदार फिरत असावा आणि त्याच्या फेऱ्यांच्या या खुणा असाव्यात. कडं हे खरं कडंही नव्हे, आपण एका फुगीर पिंपाकडे तोंडाच्या बाजूने पाहतोय.

बिंबाभ्रिका गोल क्वचितच असतात. फुलपाखरं, डमरू, पिळलेले फुगे असे नाना आकार, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे जोडीदार. वेबची पहिली रंगीत चित्रं 12 जुलै 2022 ला आली त्यांत दक्षिण आकाशातली एक बिंबाभ्रिका होती. तिच्या मध्याशी एक नव्हे, किमान चार तारे असावेत असं अभ्यासाअंती निघालं. मरायला टेकलेल्या माणसाच्या खाटेभोवती नातेवाइकांनी गर्दी करावी तसा प्रकार. आणि मेस्ये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला पहिलीवहिली बिंबाभ्रिका दिसली तीही 12 जुलैला, 1764 साली. योगायोगाला अर्थ नसतो हे मला कळतं, पण तारखा जुळल्या की प्रूफवाचकाची बोटं शिवशिवतात.

एकट्या सूर्याचं काय होईल हे त्यामुळेच नक्की सांगता येत नाही. 2018 च्या एका अभ्यासानुसार दिसण्याजोगी बिंबाभ्रिका करायला जेवढं कमीत कमी वजन लागतं, सूर्य बरोबर तिथेच आहे. करेल, पण फिकी.

एवढ्यात मामेभाऊ बॅटरी घेऊन आला. थ्री फेजची लाइट रात्रीचीच येते, पाळी पहाटेची होती, त्यामुळे तो जागाच होता. "आक्का, मला बी दाव." त्याने टोपी काढली, वाकला, बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बिडीच्या धुराचं वेटोळं हाय गं." मी नाव सांगितलं, ग्रहीय तेजोमेघ. बिंबाभ्रिका म्हणायला हवं होतं, पण तोंडात तेच आलं. त्याने डोळा न काढता विचारलं, "मग यात ग्रह कुठं हायती?"

मी सांगू लागले. तारा, काजळी, दोन वारे. तो ऐकत होता की नाही कळेना. "म्हंजी उसाचं पाचट पेटवल्यागत," तो म्हणाला. मी म्हटलं नाही, पेटवायचं काही नाही, उलट सगळं रानात पसरून द्यायचं. अशा ताऱ्यांनी पसरलेला कार्बन आणि नायट्रोजन पुढच्या ताऱ्यांत, ग्रहांत जातो. या केळीत आहे, तुझ्यामाझ्यात आहे. "मग कुट्टी करून गाडल्यागत," त्याने दुरुस्ती केली. पाचट जाळू नका, कुट्टी करा, म्हणून कृषी खात्याचे लोक गेली कित्येक वर्षं सांगत आहेत. ही उपमा मला सुचली नसती.

पण तिने माझी पंचाईत केली. पसरलेल्या त्या मालातूनच पुढे कधी तरी, दुसऱ्या कुठल्या ताऱ्याभोवती, ग्रह होणार. 2010 मध्ये एका बिंबाभ्रिकेत कार्बनच्या साठ अणूंचे फुटबॉलसारखे रेणू सापडले, म्हणजे माल नुसता पसरत नाही, जुळूनही येतो. मग माझी ती ओळ, 'या तेजोमेघात नवे ग्रह जन्म घेत आहेत', अगदीच चूक होती का? काळ चुकला होता. 'घेत आहेत' च्या जागी 'घेतील' हवं होतं, आणि 'यात' च्या जागी 'यातून'. दोन दुरुस्त्या. पण त्या शिक्षकांना हे कळवायला फार उशीर झालाय, आणि त्यांनी ते ऐकूनही घेतलं नसतं. एका ओळीत लिहिणारी माणसं सबबी ऐकत नाहीत.

लाइट आली. विहिरीकडून मोटारीचा आवाज आला आणि भाऊ फावडं घेऊन बागेत गेला. पूर्व फिकी होऊ लागली होती. अमोलने दुर्बिणीला मोबाइल टेकवून एक फोटो काढला होता, धुरकट, हललेला, पण कडं ओळखू येत होतं. "स्टेटसला टाकतो. आत्या, नाव काय लिहू?"

"बिंबाभ्रिका."

त्याने टाइप केलं. मोबाइलने आपणहून त्याचं 'बिंबिसार' केलं. त्याने खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा बिंबिसार. मला हसू आवरेना. कडं आपल्यापासून साधारण अडीच हजार प्रकाशवर्षांवर आहे. तो जो फोटोत उतरला होता, तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा मगधात बिंबिसार नाही तर त्याचा मुलगा राज्य करत असणार. मोबाइलला यातलं काय कळणार, पण चूक चांगली होती.

"जाऊ दे," अमोल कंटाळून म्हणाला, आणि त्याने लिहिलं: 'प्लॅनेटरी नेबूला, जेऊर, पाडवा.' मोबाइल माझ्या हातात दिला. "बरोबर आहे ना?"

मी चष्मा लावला आणि 'नेबूला'चं 'नेब्युला' करून दिलं.